फिन्टनचं कुरण

१

कोंबड्यांना दाणे टाकून झाले, भांडी विसळून झाली, की साडेदहाच्या सुमाराला एथ्ना गिलहूली नकाशाची गुंडाळी काखेत मारून घराबाहेर पडायची. सप्टेंबरपासून तिचा हाच उद्योग झाला होता. आधी बत्तीस वर्षं तिनं किल्टोबरच्या टापूत टपाल वाटलं. निवृत्त होऊन जेमतेम महिना होतो न होतो, तोच चर्चच्या सभागृहातल्या मंडळींनी हे काम तिच्या गळ्यात घातलं. टापूतल्या एकूण एक शेताचं नाव म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि नकाशावर लिहायचं. म्हातारी माणसं आहेत तोवरच हे व्हायला हवं होतं, कारण नावं सगळी त्यांच्या डोक्यात.

"तुला कोणी दाराबाहेर उभं करणार नाही, म्हणून आम्ही तुलाच सांगतोय," असं शाळेच्या फिलोमिनाबाई म्हणाल्या होत्या. ते खरंच होतं. उभं करणं दूरच, चहा आणि लोणी फासलेला सोडा ब्रेड खाल्ल्याशिवाय तिला कोणी हलू देत नव्हतं. दोन घरं झाली की पोटाला तडस लागायची आणि तिसऱ्या घरी नाही म्हणायची सोय नसायची.

किल्टोबरात शेताला नाव नाही असं होतच नाही. हातरुमालाएवढ्या तुकड्यालाही नाव असतं. पण तिथली एक रीत आहे. जिवंत माणसाचं नाव शेताला लावत नाहीत. मालक हयात असेपर्यंत ते खालचं शेत, विहिरीजवळचं शेत, नाहीतर चुन्याच्या भट्टीचं शेत. माणूस मातीआड झाला की दोन-चार वर्षांत लोक आपसूक 'टॉमचं रान' म्हणायला लागतात. हे कोणी बसून ठरवत नाही. कोणाच्या तरी तोंडून एकदा निघतं आणि मग तेच राहतं.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ती मॅलकी टार्पीकडे गेली. मॅलकी चौऱ्याऐंशी वर्षांचा, तळ्याच्या काठावर एकटाच राहणारा. डोळे मिटून तो टेबलावरच्या मेणकापडावर बोट फिरवत होता, जणू गडग्यांवरून चालतोच आहे, आणि एथ्ना शिसपेन्सिलीनं लिहून घेत होती.

"ही भट्टीची पट्टी. पलीकडे मार्टिनचा कोपरा. मग होनोरचा उतार. आणि खाली तळ्याच्या पोटात फिन्टनचं कुरण."

एथ्नाची पेन्सिल थांबली. "कुठलं म्हणालात?"

"फिन्टनचं."

"मॅलकी, तिथं आमची गुरं चरतात. ते कुरण आमचं आहे. आम्ही त्याला तळकुरण म्हणतो."

"म्हणा की. तुमचं आहे, तुम्ही काय वाटेल ते म्हणाल."

"आणि फिन्टन तर माझा नवरा आहे. चांगला धडधाकट आहे, आत्ता घरी फाटकाला रंग देतोय."

"तुझा नवरा कशाला असेल, पोरी?" मॅलकीनं एक डोळा उघडला. "हा कोणी तरी जुना. माझी आई म्हणायची ना. फिन्टनच्या कुरणाकडे फिरकलात तर तंगडी मोडीन, म्हणून आमच्यावर ओरडायची."

"कोण होता हा?"

"ते कोणाला ठाऊक. कालवडीमागं गेला होता, एवढंच."

सांगितलं ते लिहायचं, हे तर तिचं काम. तिनं लिहून घेतलं. पण घरी जाताना ती सारखी मागे वळून खाली बघत होती. तिथलं तळं म्हणजे बारमाही तळं नव्हे. उन्हाळाभर तिथं टापूतलं सगळ्यात उत्तम गवत असतं. ऑक्टोबर सरता सरता जमिनीतल्या विवरातून पाणी वर येतं आणि कुरणाचं तळं होतं. वसंतात आल्या वाटेनं ते निघून जातं. एथ्नाचं सगळं आयुष्य त्या तळ्याच्या आसपास गेलं होतं, आणि हे नाव तिनं आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी कनिफ बहिणींचं घर. डीलिया आणि जोसी, दोघी सत्तरीपार, दोघी बिनलग्नाच्या, आणि जन्मात कधी एका गोष्टीवर दोघींचं एकमत झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. डीलियानं पूर्व म्हटलं की जोसीनं पश्चिम म्हणायचं. एका शेतासाठी एथ्नाला तीन-तीन नावं लिहावी लागत होती.

"आणि हे?" तिनं पेन्सिल तळ्यावर टेकवली. जाणूनबुजून आणखी काही बोलली नाही.

"फिन्टनचं कुरण," दोघी एकदम म्हणाल्या.

एथ्ना भांडणाची वाट बघत राहिली. भांडण झालं नाही.

"कोण हा फिन्टन?"

"कोण होता बाई? एक पाय ओढत चालायचा," जोसी म्हणाली.

"डावा पाय," डीलिया म्हणाली. "आणि दातांतून शिट्टी वाजवायचा. सूर काही धड नसायचा."

"अजिबात नसायचा," जोसी म्हणाली.

एथ्नानं कप बशीत ठेवला, तो जरा जोरातच ठेवला गेला. बारा वर्षांपूर्वी ट्रॅक्टर अंगावर कलंडला तेव्हापासून तिचा फिन्टन डावा पाय ओढत चालत होता. शिट्टीचं तर विचारूच नका. लग्नात वेदीसमोर उभा राहूनही तो दातांतून शिट्टी वाजवत होता आणि पाद्र्यानं डोळे वटारले होते.

"तुम्ही माझ्या नवऱ्याबद्दल बोलताय," ती म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी खळखळून हसल्या. "अगं खरंच की. तसाच आहे तुझा फिन्टन. पण हा तो नव्हे. हा आमच्या आजीच्या वेळचा. शाळेच्या वहीतसुद्धा आहे त्याचं, हवं तर बघ."

एथ्नाही हसली. टापूत फिन्टन नावाची माणसं काय कमी झाली असतील? पाय काय, कोणाचाही अधू होतो. असं तिनं स्वतःला सगळ्या वाटेवर समजावलं. फाटकाशी पोचली तेव्हा ते अर्धं हिरवं झालेलं होतं आणि आतून बेसूर शिट्टी ऐकू येत होती. ती शिट्टी ऐकून तिला एवढं हायसं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

३

ती वही सभागृहाच्या कपाटात होती. साठ वर्षांपूर्वी मास्तरांनी वरच्या वर्गातल्या मुलांना घरोघरी पाठवून जुन्या गोष्टी लिहून आणायला लावल्या होत्या, त्यातली. फिलोमिनाबाईंनी किल्ली दिली आणि त्या वर्गावर गेल्या. सभागृह थंडगार पडलं होतं. एथ्नानं कोट न काढताच वही उघडली.

ब्रिजेट, वय अकरा, हिनं निळ्या शाईत सुबक अक्षरात लिहिलं होतं. शाई आता तपकिरी झाली होती.

'तळ्यात फिन्टनचं कुरण आहे. फिन्टन कालवड आणायला गेला. तो कोण होता हे कोणाला ठाऊक नाही. त्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणते, मी एकटीच राहते.'

एथ्नानं ते तीनदा वाचलं. खाली आणखी होतं. 'मार्टिनचा कोपरा. मार्टिन कोण हे कोणाला ठाऊक नाही. होनोरचा उतार. होनोर कोण हे कोणाला ठाऊक नाही.' तळ्याच्या भोवतीनं अशी दहा नावं होती आणि दहांच्या पुढे तेच वाक्य होतं.

तेव्हा कुठं तिला ती गोष्ट टोचली. किल्टोबरात कोणाच्या पणजोबानं कोणाची कोंबडी चोरली तेही लोकांना पाठ असतं. टॉमच्या रानाचा टॉम कोण विचारा, त्याच्या सात पिढ्या तुम्हाला चहा संपायच्या आत सांगतील. आणि तळ्याभोवतीच्या या दहा माणसांचं आडनावही कोणाला ठाऊक नाही? तिनं इतके दिवस ही नावं उतरवून घेतली आणि तिलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

तिनं वही मिटली. अकरा वर्षांच्या पोरीनं साठ वर्षांपूर्वी लिहिलेलं. तेव्हा एथ्ना जन्मलीही नव्हती. मग भ्यायचं कशाला? तरी कपाटाला कुलूप लावल्यावर तिनं ते दोनदा ओढून पाहिलं.

४

"म्हणजे जिवंतपणी माझ्या नावाचं शेत झालं," फिन्टन म्हणाला. बटाटा फोडून त्यावर लोणी घालत होता. दुपारचे एक वाजले होते, पुढ्यात बेकन आणि कोबी. "माझ्या बापाला मेल्यावरसुद्धा नाही जमलं ते."

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"मग काय, रडू? एथ्ना, टपाल वाटायचं थांबलीस तेव्हापासून तुझ्या डोक्याला काम नाही. म्हाताऱ्या सांगतात आणि तू घाबरतेस."

"तू त्या कुरणात जाऊ नकोस. एवढंच म्हणते."

"आणि गुरं काय उडत येतील?" तो म्हणाला. "गडग्याखालची माती ओली झालीय. गुरुवारी वर आणायला हवीत सगळी. बारा आहेत. अर्ध्या तासाचं काम." मग तिचा चेहरा बघून त्यानं काटा खाली ठेवला. "अगं वेडे, छत्तीस वर्षं मी तिथं उतरतोय. एकदा तरी परत आलो नाही असं झालंय का?"

तिनं मान हलवली. पण तिचं ठरलं होतं. नाव आलं म्हणून माणूस जातो, तर नावच राहू द्यायचं नाही. आयुष्यभर पत्ते वाचण्यात गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? पाकिटावर नाव नसलं तर ते कोणाच्या दारी पोचत नाही, हे ती बत्तीस वर्षं बघत आली होती.

बुधवारी सकाळी तिनं पुन्हा किल्ली मागून घेतली, पाव कापायच्या सुरीनं वहीतलं ते पान कापलं आणि घरी आणून चुलीत घातलं. फिलोमिनाबाईंसमोर आयुष्यात कधी खोटं न बोललेली एथ्ना 'एक स्पेलिंग बघायचं होतं' म्हणून सांगून आली. मग नकाशा टेबलावर पसरला आणि खोडरबरानं फिन्टनचं नाव पुसलं. पेन्सिल दाबून लिहायची तिची सवय, त्यामुळं खुणा राहिल्या. त्या जाईपर्यंत तिनं इतकं घासलं की कागद तिथं कांद्याच्या सालीसारखा पातळ झाला. वर तिनं 'तळकुरण' असं लिहिलं.

कनिफ बहिणींनी कबूल केलं की ते नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही. तिला वेड लागलंय अशा नजरेनं बघत होत्या, पण कबूल केलं. मॅलकीनं मात्र नन्नाचा पाढा लावला.

"नाव पुसू नकोस, पोरी."

"माझ्या नवऱ्याचं आहे ते, मॅलकी."

"असेल. नसेल. मला नाही माहीत." तो खिडकीतून खाली कुरणाकडे बघत होता. "पण ती दहा जणं कोण होती हे कोणाला आठवत नाही, तरी ती होती हे आपल्याला कळतं ना? कशामुळं कळतं? तेवढंच मागं राहिलंय त्यांचं. तेही पुसलंस तर काय राहील?"

"तो राहील," एथ्ना म्हणाली. "तो घरी राहील. मला नाव नकोय, मला माणूस हवाय."

मॅलकी कपबशा आवरायला उठला. त्यानं तिला दुसरा कप चहा दिला नाही, असं त्या घरात पहिल्यांदाच झालं.

५

तिथून ती दुकानात गेली. फिन्टन गाडी घेऊन तिला न्यायला आला होता. दोघं गल्ल्यासमोर शेजारी शेजारी उभी होती.

"हल्ली एकटीला फार पडतं का गं काम?" दुकानवाली बाई पाव कागदात गुंडाळत म्हणाली. "एवढी गुरं, एवढी जमीन. एखादा गडी ठेव की."

एथ्ना हसली. थट्टाच असणार. तिनं फिन्टनकडे पाहिलं, तोही हसत होता.

"मला पगार द्यायला लागेल मग," फिन्टन म्हणाला.

बाई एथ्नाकडेच बघत राहिली, उत्तराची वाट बघत. फिन्टननं गल्ल्यावर दोन बोटं वाजवली. बाईनं बोटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि परगावच्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं अदबीनं म्हणाली, "तुम्हाला काय देऊ?"

याच बाईच्या छपराचे पत्रे त्यानं मागच्या वर्षी वादळानंतर फुकट बसवून दिले होते.

गाडीत तो आधी खूप हसला. वाटेत पाद्रीबाबा भेटले, त्यांनी हात केला, तो एथ्नाला केला. गाडी फिन्टन चालवत होता.

"पाद्र्याचं काय मी घोडं मारलंय?" तो म्हणाला. घराशी पोचल्यावर इंजिन बंद करून तो तसाच बसून राहिला. हिरवा रंग लागलेले हात स्टिअरिंगवर ठेवले होते. "एथ्ना, तू काही केलंस का?"

"तुझ्यासाठीच केलं," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं. ती पान जाळल्याचं सांगत होती तेव्हा तो ऐकत होता, रागावला नाही. तिला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं.

"जाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "तुला मी आठवतो ना? मग झालं."

"तू मला कसा नाही आठवणार, मूर्खा?" असं म्हणून ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्याच्या स्वेटरला गुरांचा आणि टर्पेंटाइनचा वास येत होता, आणि त्या वासानं तिला धीर आला.

६

गुरुवारी अकरा वाजता तिनं त्याचे गमबूट कोंबड्यांच्या खुराड्यात लपवले. गुरांचा डॉक्टर यायचाय, तू घरी थांब, अशी थाप मारली. आणि कुत्र्याला घेऊन ती स्वतःच कुरणात उतरली. गुरं वर आली की त्याला खाली जायचं कारणच उरणार नव्हतं.

ऊन पडलं होतं. वारा नव्हता. पाणी आलेलं होतं, पण ते पुरासारखं धावत येत नाही. गवत उभंच असतं, आणि त्याच्या बुडाशी पाणी चकाकायला लागतं. कडेच्या दगडांवर, हिवाळ्यात पाणी चढतं तिथवर, काळं शेवाळ होतं, एथ्नाच्या डोक्याच्याही वर. मधल्या विवराशी बाटलीतून ओतल्यासारखा गडगड आवाज मधूनमधून होत होता. तिनं हाका घातल्या, कुत्र्यानं फेरा घेतला, आणि एकेक करून अकरा जनावरं गडग्यातल्या फटीतून वर गेली. बारावी कालवड समोरच्या उंचवट्यावर उभी होती. मधे पाणी होतं. कुत्रा गडग्याशी बसला आणि काही केल्या पुढं येईना.

ती स्वतः पाण्यात उतरणार एवढ्यात मागून बेसूर शिट्टी ऐकू आली.

तो घरातल्या सपाता घालूनच आला होता. डावा पाय ओढत गवतातून येत होता.

"डॉक्टर नाही, बूट नाहीत आणि बायकोही नाही," तो म्हणाला. "तू एकटी खाली आलीस म्हटल्यावर मी घरात बसेन असं वाटलं तुला? तू वर जा. मी आणतो तिला."

"नको. राहू दे ती कालवड. राहू दे म्हणते ना."

"अगं, घोट्याएवढं पाणी आहे."

तो तिच्या अंगावरून पुढं गेला. तिनं बाही धरली, ती सुटली. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत. तो आपला शिट्टी वाजवत कालवडीला पुचकारत चालला होता.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं. नाव आलं नाही.

घाईत होतं असं, म्हणून तिनं पुन्हा तोंड उघडलं. छत्तीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा घेतलेलं नाव. ओठ कसे ठेवायचे तेही तिला आठवेना. तिनं अक्षरं एकामागून एक लावून पाहिली, टपालाची पाकिटं चाळावीत तशी, आणि त्यातलं एकही त्याचं नव्हतं.

तेव्हा तिला पलीकडे, काटेझाडांच्या रांगेपाशी, माणसं दिसली. गुरं काढायला शेजारी आले असतील, असं तिला आधी वाटलं आणि बरंही वाटलं. नऊ जण होते. गुडघाभर पाण्यात उभे होते. कोणाच्या अंगावर जुनाट कोट, एका बाईच्या डोक्यावरून शाल. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली होत्या, दवाखान्यात आपला नंबर पुकारायची वाट बघत बसल्यासारख्या.

तो त्यांच्या जवळ पोचला होता. कालवड कुठं दिसत नव्हती.

"अरे," एथ्नानं ओरडून हाक मारली. "अरे, ऐक ना. इकडे ये."

सगळ्यांनी एकदम वळून पाहिलं.

दहाही चेहऱ्यांवर एकच भाव होता. कोणी तरी आपल्यालाच बोलावतंय, शेवटी एकदाचं बोलावतंय, असा. शालवाल्या बाईनं तर एक पाऊल पुढंही टाकलं. एथ्ना एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर नजर फिरवत राहिली. यातल्या कोणाला हाक मारली होती हे तिला सांगता येईना.

७

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी, चर्चमधली प्रार्थना सुटल्यावर, सभागृहात नकाशा भिंतीला टाचला होता. लोकांनी चहाचे कप हातात घेऊन समोर यायचं, काही चुकलं असेल तर सांगायचं, आणि मग फिलोमिनाबाई पेन्सिलीवर पक्की शाई फिरवणार, असं ठरलं होतं. गर्दी चांगली होती. सगळे एथ्नाची वाहवा करत होते. एकट्या बाईनं, गुराढोरांचं सगळं बघून, एवढं काम केलं म्हणजे कमाल झाली, असं पाद्रीबाबा चारचौघांत म्हणाले.

एथ्ना पहिल्यापासून एकटीच राहत आली आहे. हे किल्टोबरात कोणीही सांगेल.

फिलोमिनाबाई शाई फिरवत फिरवत तळ्यापर्यंत आल्या. "तळकुरण," त्यांनी वाचलं. "इथं कागद केवढा झिजलाय. भोक पडेल टाक लावला तर. तळकुरणच ना?"

"तळकुरण कधीच नव्हतं ते," डीलिया कनिफ म्हणाली.

"नावच नव्हतं त्याला," जोसी म्हणाली.

"होतं."

"नव्हतं."

"होतं," खुर्चीत बसलेला मॅलकी म्हणाला. काठी जमिनीवर आपटली. "मी स्वतः हिला सांगितलंय. माझी आई म्हणायची ते."

"मग आता सांगा," एथ्ना म्हणाली. "तुम्ही सांगितलं असतंत तर मी लिहिलं नसतं का?"

मॅलकीनं डोळे मिटले. हवेत बोट फिरवलं, भट्टीवरून, मार्टिनवरून, होनोरवरून, आणि बोट थांबलं. "गेलं," तो म्हणाला. "तू लिहून घेतलंस ना, पोरी. लिहून घेतलंस म्हणून मी सोडून दिलं. मी कशाला डोक्यात वागवू?"

"ठीक आहे, तळकुरणच लिहिते," फिलोमिनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी टाक शाईत बुडवला.

"थांबा," एथ्ना म्हणाली.

ती एवढ्या जोरात म्हणाली की चहा ओतणाऱ्या बायका थांबल्या. ती पुढं गेली आणि त्या झिजलेल्या जागेवर तिनं तळहात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. कशानं, ते तिला कळत नव्हतं. एक शेत तर होतं. टापूत अशी चारशे शेतं होती.

"याला नाव आहे," ती म्हणाली. "मला माहीत आहे. मला तोंडपाठ आहे ते."

"मग सांग की," फिलोमिनाबाई मायेनं म्हणाल्या.

एथ्नानं तोंड उघडलं. सगळे तिच्याकडे बघत होते. ती तशीच उभी राहिली, ओठ जरासे विलग, श्वास आत घेतलेला, आता बोलेल असं वाटत होतं.

"एक मिनिट," ती म्हणाली. "आत्ता सांगते."

लोक थांबले. मग मागच्या बाजूला कोणी तरी हळूच किटली उचलली, कपांचा आवाज झाला, आणि फिलोमिनाबाईंनी टाक पुसून खाली ठेवला. एथ्नाचा हात नकाशावरच होता. "आत्ता सांगते," ती पुन्हा म्हणाली.